तात्यांच्या पदातलं विमान

“दारी विमान आले, निघतो आता हरी,” बुवांनी ओळ आळवली आणि वेणूकाकूंच्या हातातले टाळ निसटून मांडीवर पडले.

त्यांच्या यजमानांची, तात्यांची पदं बुवा नेहमीच कीर्तनात घेत. तात्या ज्यात बसत ते वाहन पदात येई. होडीत देव वल्हं मारी, एसटीत कंडक्टर होऊन घंटी देई आणि गाव हसत हसत टाळ्या वाजवी. पण आत्ता तात्या हृदयाच्या दुखण्यासाठी पुण्याला लेकीकडे होते. आणि विमान? ते तर तुकोबांना वैकुंठाला न्यायला आलं होतं!

“बुवा, थांबा! हे कधी धाडलं त्यांनी?”

“सकाळीच, काकू, फोनवर...” बोलता बोलता बुवांचाही चेहरा उतरला. तबला मुका झाला. काकूंनी बुवांचाच फोन घेऊन स्पीकरवर तात्यांना लावला.

“अगं, जावई काशीला नेतोय, विमानानं!” तात्यांचा खणखणीत आवाज देवळात घुमला. “डॉक्टरही हो म्हणाले. एकटा कसा जाईन? तुझंही तिकीट काढलंय.”

काकूंना आधी रडूच फुटलं. मग त्या कडाडल्या, “अहो, मग पदात काशीचं नाव घालायला काय धाड भरली होती तुम्हाला?”