गुंड्या, सांग त्यांना

पहिला तास काही बोलायचं नाही, हा पोस्टमनकाकांचा नियम. कुणाच्या घरी गेलं की कोपऱ्यातली खुर्ची धरायची, मांडीवर वही घ्यायची आणि बघत बसायचं. नोकरीच्या बत्तीस वर्षांत कुत्र्यांनी त्यांच्या पोटऱ्यांची पार चाळण केली होती. निवृत्त झाल्यावर मात्र दर रविवारी ते प्राण्यांच्या निवाऱ्यातर्फे लोकांच्या घरी जात, फुकट, माणसाचं आणि कुत्र्याचं कुठं बिनसलंय ते शोधायला. “चावणाऱ्यांशीच माझी ओळख जास्त,” असं म्हणत.

आजच्या घरात टेबलावर निवाऱ्याचा फॉर्म पडला होता, कुत्रा परत देण्याचा. नवऱ्याची सही झाली होती. बायकोची बाकी होती, आणि पेन फॉर्मवरच आडवं ठेवलेलं होतं.

गुंड्या तीन वर्षांचा, तपकिरी, स्वभावानं गरीब. चावणं नाही, नासधूस नाही. तक्रार एकच, हाकेला ओ देत नव्हता. फाटक उघडं दिसलं की सुटायचा आणि मागून घसा फोडून ओरडलं तरी ढिम्म. मंगळवारी ट्रकचं चाक त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबलं होतं. डॉक्टरांनी कान तपासले. कान ठणठणीत.

“डोळ्यांदेखत मरण्यापेक्षा दिलेला बरा,” नवरा काकांना म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून बसला.

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. “गुंड्या, सांग तुझ्या बाबांना, चहा झालाय.”

“गुंड्या, आईला म्हणावं, इथंच आण.”

“गुंड्या, म्हणावं हात मोकळे नाहीत माझे, येऊन न्या.”

गुंड्या फरशीवर पसरला होता. त्यानं शेपटीसुद्धा हलवली नाही. नवरा उठून कप घेऊन आला. काकांनी वहीत तीन रेघा मारल्या.

असंच चाललं. पंख्याचं बटण, भाचीचा आलेला फोन, नळाचं टपटपणं, सगळं गुंड्याच्या कानावर घातलं जात होतं आणि त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या माणसापर्यंत पोचत होतं. भांडण नव्हतं, आवाजही चढत नव्हते. सवयच इतकी पडली होती की बायकोनं “गुंड्या, विचार काकांना, साखर पुरे ना?” असं विचारलं आणि काकाही कुत्र्याकडे बघून “पुरे, पुरे” म्हणून गेले. मग स्वतःच ओशाळले.

मध्येच अंगणातलं फाटक वाऱ्यानं करकरलं. गुंड्या उठून दाराकडे निघाला. “गुंड्या!” बायको जिवाच्या आकांतानं ओरडली. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. नवऱ्यानं धावत जाऊन पट्टा धरला. आत आल्यावरही त्यानं पट्टा लगेच सोडला नाही, आणि काकांना वाटलं, याला कुत्रा द्यायचा नाहीये. दोघांनाही नाहीये.

तास भरला. काकांनी चष्मा काढला.

“तासाभरात याचं नाव तुम्ही एक्केचाळीस वेळा घेतलंत. त्यातलं याच्यासाठी किती वेळा?”

दोघंही गुंड्याकडे बघू लागले.

“एकदा. मघाशी, फाटक वाजलं तेव्हा. बाकी चाळीस निरोप.” काकांनी वही मिटली. “निरोप पोचवायचं काम मीही जन्मभर केलं, वहिनी. पण मला त्याचा पगार होता. याच्या नावानं रोज ढीगभर पत्रं येतात आणि आत याच्यासाठी एक ओळ नसते. मग एक दिवस हा बिचारा पाकीट उघडायचंच सोडून देतो. त्यात खरं पत्र आलं तरी तसंच पडून राहतं. आणि बाहेर ट्रक असतो.”

बायकोनं पदर तोंडाशी नेला.

“आठ दिवस एवढंच करा. गुंड्या म्हणायचं ते फक्त गुंड्याला बोलवायला. आला की बिस्किटाचा तुकडा. दुसऱ्या कशासाठीही याचं नाव घ्यायचं नाही.”

“मग आम्ही एकमेकांशी...” नवरा एवढं बोलून थांबला.

काकांना त्याचं उरलेलं वाक्य कळलं आणि फार वाईट वाटलं. पण त्यांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्याचं पत्र कधी उघडलं नव्हतं. कशावरून बिनसलं, कधीपासून, हे त्यांनी विचारलं नाही. “ते तुम्ही बघा,” एवढंच म्हणाले आणि गार झालेला चहा उचलला.

बायको टेबलापाशी आली. तिनं पेन उचललं. “गुं...” तोंडातून निघालंच होतं, ते तिनं गिळलं. मग मान वर करून तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

“अहो,” ती म्हणाली. “मला हा नाही द्यायचा.”

नवऱ्यानं सवयीनं आधी कुत्र्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मग हळूहळू नजर उचलून बायकोकडे नेली.

“मला तरी कुठं द्यायचाय?” तो म्हणाला. “तू काही बोललीच नाहीस.”

“तुम्ही विचारलंत कुठं?”

काका कप ठेवून चपला शोधू लागले.

फरशीवर पसरलेल्या गुंड्यानं डोकं वर उचललं होतं. दोन्ही कान टवकारून तो एकदा हिच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत होता.