बिनचमकीचा काळा

"चकाकी अजिबात नको," महालिंगसरांनी पुन्हा सांगितले. "काळा रंग, तोही मॅट. वर पॉलिश नाही, लॅकर नाही, काही नाही."

कृष्णात पेंटरने हातातला पॉलिशपेपर खाली ठेवला. उद्यमनगरातल्या त्याच्या शेडमध्ये सरांची जुनी विलायती स्पोर्ट्स कार उभी होती: लालभडक, दोन आसनांची, वरून उघडी. दर दिवाळीला तिला घासूनपुसून आरशासारखी करण्याचे काम कृष्णातचेच.

"सर, आख्ख्या कोल्हापुरात ही एक गाडी हाय, जिच्यात बघून भांग पाडावा. तिचा तवा करायचा म्हंता?"

"तवाच कर."

"लोक म्हंतील, कृष्णात पॉलिश न मारताच पळाला की!"

"लोकांचे पदार्थविज्ञान कच्चे असते." सर तोच विषय शिकवून निवृत्त झाले होते. "गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश शिस्तीने परत पाठवतो, म्हणून त्यात प्रतिबिंब दिसते. खरखरीत पृष्ठभाग तो विखरून टाकतो. मला प्रतिबिंब नको आहे."

"आणि बंपर? चाकांच्या टोप्या?"

"त्याही काळ्या. बाजूचे आरसे काढून टाक. पुढची काच तिरपी आहे, तिच्यात फक्त आभाळ दिसते. ती राहू दे."

कृष्णातने बाजूच्या आरशाचा स्क्रू बोटाने चाचपला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "वैनींसाठी व्हय?"

सरांनी मान हलवली.

सरांच्या पत्नी चन्नम्माबाईंचा विस्मरणाचा आजार दुसऱ्या वर्षात शिरला होता. आरशातल्या स्वतःला त्या ओळखत नसत. समोर दुसरीच कोणी बाई आहे असे त्यांना वाटे. अशा रुग्णांना त्या परक्या माणसाची भीती वाटते, चकाकणाऱ्या वस्तू झाकून ठेवा, असे डॉक्टरांनी बजावले होते. सरांनी कपाटाच्या आरशावर चादर टाकली, स्टीलची ताटे माळ्यावर चढवली, टीव्हीला अभ्रा शिवून घेतला. गाडी तेवढी उरली. तिच्यावर घातलेले कापड चन्नम्माबाई रोज ओढून काढत.

दुपारी अंगणातून बोलण्याचा आवाज आला की सर बाहेर जात. चन्नम्माबाई गाडीच्या दाराशी बसलेल्या असत. चेहरा पत्र्याला भिडलेला, डोळे भरलेले. सर दंडाला धरून त्यांना उठवत, आणि मग त्या आकांत मांडत. कारण आणि परिणाम यांविषयी सरांच्या मनात संशय नव्हता.

"हसत्यात बी की वैनी," स्वयंपाकाला येणारी बायडाबाई एकदा म्हणाली. "तुमी यायच्या आधी ग्वाड बोलत असत्यात. कानडीत. मला काय कळतंय?"

कानडी सरांनाही कळत नव्हते. चन्नम्माबाईंचे माहेर सीमाभागातल्या नेसरीचे, घरात कानडी बोलणारे, आणि अलीकडे त्यांच्या तोंडी बालपणीची भाषा परतू लागली होती. भ्यालेला माणूसही हसतो, एवढ्यावर सरांनी तो विषय मिटवला. ऐकीव पुराव्याला ते किंमत देत नसत.

गाडी विकण्याचा पर्याय त्यांनी तपासला आणि बाजूला ठेवला. मूलबाळ झाले नाही. दोन आसने त्यांना जन्मभर पुरली होती. बायको आता त्यांना 'पावणं' म्हणे. पण संध्याकाळी रंकाळ्याच्या फेरीत, वारा तोंडावर आला की, एखादे वेळी तिच्या तोंडून 'अहो' निघे. त्या शब्दासाठी गाडी राहणे आवश्यक होते, आणि त्या परक्या बाईने जाणे.

रंग वाळल्यावर सर दाराशी गुडघ्यांवर बसले. चेहरा पत्र्यापासून वीतभर अंतरावर नेला. काहीच दिसले नाही. शेडमधल्या ट्यूबलाइटची पुसट रेघसुद्धा नाही.

"उत्तम," ते म्हणाले.

"मयतीला निघाल्यागत दिसती वो, सर," कृष्णात म्हणाला, आणि हात पुसत बाजूला झाला.

सरांनी गाडी घरी आणली, तेव्हा चन्नम्माबाई अंगणातच होत्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. दाराशी खाली बसल्या. पदराने पत्रा पुसला. वाकून पाहिले, पुन्हा पुसला. जागा बदलून मागच्या चाकापाशी गेल्या आणि तिथेही पुसून पाहिले.

रडल्या मात्र नाहीत. सरांनी बराच वेळ वाट पाहिली. प्रयोग यशस्वी झाला होता.

ते त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. कितीतरी दिवसांनी त्यांनी बायकोचा हात हातात घेतला.

"आता घाबरू नकोस," ते म्हणाले. "ती बाई गेली. पुन्हा यायची नाही."

चन्नम्माबाईंनी पुन्हा एकदा काळ्या पत्र्याकडे पाहिले. मग त्यांनी हात सोडवून घेतला.

"माझ्या अव्वाला, माझ्या आईला घालवलंसा व्हय?" त्या म्हणाल्या. "लेकीला मूल झाल्याबिगर तिच्या घरचं पाणी प्यायचं न्हाय, म्हणून जलमभर दारातनंच माघारी गेली ती. आज आत यीन म्हणालती."