घरातला आजारी माणूस

नवऱ्याला उलटी झाली एकदाच, पण ती त्याने अशी काही केली की शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

तासाभरात तो पलंगावर तीन उशांना टेकून निजला होता. सासूबाई त्याचं डोकं चेपत होत्या. सासरे पंखा एकदा वाढवत होते, एकदा कमी करत होते. डॉक्टरांना चक्क घरी बोलावलं होतं. बायको लाँड्रीतल्या कामावरून नुकतीच आली होती. उलटी पुसायचं काम तिच्यासाठी राखून ठेवलेलं होतं. ती पुसून, फडकं हातात घेऊन ती दारात उभी राहिली.

"मळमळ कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

नवऱ्याने सवयीने बायकोकडे पाहिलं. मोज्यांपासून मतांपर्यंत त्याचं सगळं कुठे असतं ते तिलाच ठाऊक.

"दोन आठवडे झाले," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली. त्याची मळमळ आज दुपारची होती. दोन आठवड्यांची होती ती तिची.

"एका शब्दाने बोलला नाही गं माझा पोरगा," सासूबाई म्हणाल्या.

"कशाचा वास नकोसा वाटतो?"

"इस्त्रीच्या वाफेचा."

सासूबाईंचा हात थांबला. "तू याला इस्त्री करायला लावतेस?"

"थकवा?" डॉक्टर म्हणाले.

"बसल्या जागी डोळा लागतो."

"ते त्याचं लहानपणापासूनच आहे," सासरे म्हणाले.

"छातीत जळजळ?"

"जळजळ नाही. दुखतं. कपडा लागला तरी जीव जातो."

नवऱ्याने बनियनच्या आत डोकावून पाहिलं आणि खात्री पटल्यासारखा कण्हला.

मागच्या खेपेलाही तिला हेच सगळं झालं होतं. सगळे पित्त म्हणाले, तीही पित्त म्हणाली, आणि ते पित्त घेऊन ती तीन जिने गॅसचा सिलिंडर चढवत राहिली. पोटात काय होतं ते कळलं तेव्हा पोटात काही उरलं नव्हतं. "बाईच्या जातीला आधी समजायला नको?" असं सासूबाई तेव्हा चार घरी जाऊन विचारून आल्या होत्या.

डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते. "प्रकृती नाजूक झालीय. जड उचलायचं नाही, जिने चढायचे नाहीत. पूर्ण विश्रांती."

"ऐकलंस ना?" सासूबाई सुनेला म्हणाल्या. "खाली सिलिंडर येऊन पडलाय. याला उठवायला नको. तूच जा पटकन."

सून गेली नाही. हातातलं ओलं फडकं तिने सासूबाईंच्या मांडीवर नीट पसरून ठेवलं आणि पलंगापाशी आली.

"सरका."

"कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"भिंतीकडे."

तो सरकला. तिने तिन्ही उशा ओढून घेतल्या, पाय लांब केले आणि आडवी झाली.

"अगं, आजारी माणूस आहे तो," सासूबाई म्हणाल्या.

तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. "डॉक्टर," ती म्हणाली, "लिहिलंय ते सगळं बरोबर आहे. नाव तेवढं खोडा."