साइड स्टँड

पातळ सीट बसवून आणि मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलून गॅरेजवाल्या फिरोजने ती डोंगर चढणारी उंच मोटारसायकल पार खाली आणली. सुनीतीचे पाय पहिल्यांदाच जमिनीला टेकले.

"तुमचे डोळे बरे होईपर्यंतच हं," ती नवऱ्याला म्हणाली. काढलेली सीट आणि लिंक तिने जुन्या चादरीत जपून बांधली होती. गॅरेजच्या बाकावर काळा चष्मा लावून बसलेले वसंतरावांनी मान दुसरीकडे वळवली.

ती उतरली, साइड स्टँड लावून गाठोडं उचलायला वळली, तोच गाडी पलीकडच्या अंगावर धाडकन पडली.

"चूक माझीच, वहिनी," गाडी उचलत फिरोज म्हणाला. "गाडी खाली आली, स्टँड लांबच राहिला. गाडी कलायलाच जागा नाही. स्टँड कापावा लागेल. पण मग ती परत उंच करता यायची नाही. ह्या मॉडेलचा दुसरा स्टँड मिळत नाही."

"नको नको! मी भिंतीला टेकवून लावत जाईन."

वसंतराव उठले. आवाजाच्या रोखाने चाचपडत गाडीपाशी आले, वाकून स्टँडवरून हात फिरवला.

"काप रे," ते म्हणाले. मग तिच्याकडे तोंड केलं. "डोळे काही परत येत नाहीत, सुनीती. डॉक्टरांनी कधीच सांगितलंय. तुला सांगायला जीभ रेटत नव्हती."

तिच्या हातातलं गाठोडं एकदम जड झालं.

मागच्या सीटवर तळवा टेकून ते म्हणाले, "इथं बसल्यावर धरायचं कुठं, तेवढं शिकव मला. इतकी वर्षं तूच बसलीस."