तंबूचं पान

वालूरच्या अनसूयाबाईंनी घरातली चित्रांची जुनी पोथी प्राचीसमोर ठेवली, पण नजर तिच्या हातांवरून हलवली नाही. फोटो काढायला म्हणून शहरातून आलेल्या पोरीचा काय भरवसा? मधेच तिच्या पर्समध्ये पोथीसारखंच एक पान दिसलं. त्यावर लाल-सोनेरी झालरींचा तंबू रंगवलेला होता.

अनसूयाबाईंनी तिचं मनगट धरलं. “चोरायलीस व्हय?”

प्राची रडकुंडीला आली. “परत ठेवायला आणलंय, आजी. माझे आजोबा इथे पुराण सांगायला यायचे. त्यांनीच नेलं होतं. मरताना सांगितलं मला.”

अनसूयाबाईंनी तिचं मनगट सोडलं. याच पानाची चोर समजून त्या समोर राहणाऱ्या धाकट्या जावेशी तीस वर्षं बोलल्या नव्हत्या.