बटाट्यांना पाणी लावू नये

"पाणी लावू नका," सासरे हळू आवाजात म्हणाले, आणि जावयाचा हात नळाखाली तसाच थांबला.

त्यानं बटाटा निमूट खाली ठेवला. कामाच्या पहिल्या दिवसाला अर्धा तासही झाला नव्हता आणि पहिली चूक झालीसुद्धा. सासऱ्यांच्या हाताखाली टिकणं सोपं नाही, हे बायकोनं बजावूनच पाठवलं होतं. थोरल्या जावयाला काम करताना शीळ घालायची सवय. त्याला पहिल्याच दुपारी घरी धाडलं. मधल्याला शिंक आली. आता हा धाकटा उरला होता. हाही नापास झाला, तर म्हातारा चाळीस वर्षांचं कसब घेऊन घरी बसणार आणि धाकटा परत टायरच्या दुकानात हवा भरणार.

घरचे मालक-मालकीण सकाळीच लग्नाला गेले होते, पाचपर्यंत परतायचे होते. आदल्या दिवशी त्यांनी परसातली सगळी भाजी काढली होती आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर ओतून ठेवली होती. बटाटे, कांदे, गाजरं, टोमॅटो, पालक, सगळं एका ढिगात, मातीसकट.

सासरे त्या ढिगाकडे बराच वेळ बघत राहिले होते. तीन महिने त्यांनी या परसावर नजर ठेवली होती. टोमॅटोला पहिलं फूल आलं तेही त्यांनी पाहिलं होतं. इतकं सोन्यासारखं पिकवायचं आणि असं उकिरड्यासारखं टाकायचं. हे बघून पुढे जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी बाह्या सरसावल्या. हातमोज्यांशिवाय ते कशालाही हात लावत नसत, त्यामुळे ते घातलेलेच होते.

बटाटे कोरड्या ब्रशनं झाडायचे, धुवायचे नाहीत, असं त्यांनी शिकवलं. गाजरांचा पाला लगेच पिरगाळून काढायचा, नाहीतर तो गाजरातलं सगळं पाणी पिऊन टाकतो. अगदी घरजावयासारखा, असं म्हणून त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकट्यानं पाला पिरगाळला. पालक धुऊन, पुरता निथळून फडक्यात गुंडाळायचा होता. फडकी कुठे ठेवतात हे दोघांनाही माहीत नव्हतं. चौथ्या खणात सापडली. सासऱ्यांनी चारही खण पुन्हा जसे होते तसे केले. जो दोन बोटं उघडा होता, तो दोन बोटं उघडा.

"आपण येऊन गेलो हे कुणाला कळलं नाही पाहिजे," ते म्हणाले. "काम असं हवं. चाळीस वर्षांत माझ्या नावानं एक तक्रार नाही."

मध्येच दाराची बेल वाजली. धाकट्यानं मान वर केली. सासऱ्यांनी बोटानंच बस म्हणून खुणावलं. कामाच्या वेळी ते दार उघडत नसत. बेल दोनदा वाजून गप्प झाली.

शेवटी सासऱ्यांनी कांद्यांची टोपली उचलली आणि कोपऱ्यात, बटाट्यांना खेटून ठेवली. धाकट्याला पेच पडला. गप्प बसावं तर भाजी वाया जाणार, बोलावं तर नोकरी.

"बाबा," तो म्हणाला, "कांद्याशेजारी बटाट्यांना लवकर कोंभ फुटतात."

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. थोरल्याकडे त्यांनी असंच पाहिलं होतं म्हणे. मग त्यांनी टोपली उचलली, खिडकीपाशी वाऱ्याला नेली आणि कांदे एकेक करून पसरले.

चार वाजता स्वयंपाकघर आरशासारखं झालं. बटाटे अंधाऱ्या कोपऱ्यात, टोमॅटो देठ खाली करून ओळीत. फावड्याचा घाव लागलेले पाच बटाटे सासऱ्यांनी वेगळे ठेवले आणि त्यांवर चिठ्ठी लिहून ठेवली : हे आधी संपवा. अक्षर वळणदार आलं म्हणून ती धाकट्याला वाचूनही दाखवली. मग दारात उभं राहून त्यांनी सगळ्यावरून एकदा नजर फिरवली. अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

मागच्या दारानं दोघं बाहेर पडले. सासऱ्यांच्या शिस्तीप्रमाणे, न धावता, न रेंगाळता कोपऱ्यापर्यंत चालत गेले. तिथे म्हाताऱ्यानं धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझी चूक माझ्या तोंडावर सांगितलीत," ते म्हणाले. "असा माणूस मला हवा होता. उद्यापासून तुम्ही माझ्याबरोबर."

बायकोला हे कसं सांगायचं, याची धाकटा मनाशी जुळणी करत निघाला आणि दहाव्या पावलावर थबकला.

"बाबा," तो म्हणाला, "तिजोरी फोडायचीच राहिली."