राळेची तार

"तोंड इकडे करून बोला," ती म्हणाली.

दुकानदार फळीवरची रिळं चाळत बोलत होता. तो वळला. "मावशी, सोल्डरची तार कशाला हवीय?"

"दारावरच्या घंटेला. बाहेर बटण दाबलं की आत दिवा लागला पाहिजे. आवाजाचं आणि माझं आता जमत नाही."

तिने पिशवीतून आपलं सर्किट काढून काउंटरवर ठेवलं. सगळ्या टाक्यांवर हिरवी पूड चढलेली. दुकानदाराने नख लावलं, तर एक तार सुटून त्याच्या हातात आली.

"कशाने डाख दिलात?"

"नळ दुरुस्त करणाऱ्याची जाड तार उरली होती. त्याच्याच डबीतली पेस्ट."

"त्या पेस्टमध्ये ॲसिड असतं. नळाला चालतं. इथे तांबंच खाऊन टाकलं."

"खाल्लं खरं. दिवा लागला नाही आणि हे चिरंजीव कडी तोडून घरात आले."

चिरंजीव मागेच उभे होते. "तासभर दार वाजवत होतो, आई. म्हणून म्हणतो, रविवारी सामान बांध. माझ्याकडे राहा. घंटाच हवी तर तयार मिळते."

"तयार घंटा बिघडली की तुला फोन करायचा. फोनवर तू काय बोलतोस ते मला कळत नाही."

दुकानदार हसला. मुलाने मान फिरवली आणि म्हणाला,

"—————"

तिच्यापर्यंत ते पोचलं नाही. ती रिळं बघत होती.

"ही बिनशिशाची," दुकानदार म्हणाला. "तब्येतीला बरी. पण ताप जास्त मागते. ही शिशाची, बारीक, पोटात राळ, वेगळी पेस्ट लागत नाही. लवकर वितळते. मात्र हात धुवायचे, खिडकी उघडी ठेवायची."

"माझं डाख द्यायचं आयर्न लहान आहे. दोन्ही करून बघते."

"इथे?"

"मग काय, घरी जाऊन परत येऊ?"

दुकानदाराने दुरुस्तीच्या टेबलाशी स्टूल सरकवलं, दिवा लावला, आपल्या आयर्नचा ताप उतरवून दिला. बिनशिशाची तार हट्टी निघाली. गोळा झाला, चिकटेना. तिने शिशाची घेतली.

टाका फुगला.

पुसून काढला. मनगट टेबलाच्या कडेवर टेकवलं. पुन्हा.

तिरका.

पुन्हा.

राळेचा धूर सुटला आणि वितळलेला थेंब तारेभोवती आपण होऊन पसरला. चकचकीत. तिने तार ओढून पाहिली. हलली नाही. एकदा जमलं त्याला जमलं म्हणत नाहीत. तिने दुसरा टाका घातला. तिसरा.

टेबलावरचा दिवा विझला.

लागला.

विझला. लागला.

तिने मागे वळून पाहिलं. मुलगा भिंतीपाशी उभा होता, बोट अजून दिव्याच्या बटणावर.

"केव्हाचा हाका मारतोय," तो म्हणाला. या वेळी नीट तिच्याकडे तोंड करून.

"काय रे?"

"तू न्हाणीघरात असलीस तर? तिथे कुठला दिवा दिसणार?"

तिने आयर्न स्टँडवर ठेवलं आणि ती दुकानदाराकडे वळली.

"हीच तार द्या," ती म्हणाली. "मोठं रीळ."